तीनदा हॉर्न

बंद मोटार ओढणाऱ्याने मागे बघायचे नसते, असे दस्तगीरभाईंचे ठाम मत होते. मोटारस्टँडवरच्या ड्रायव्हरांना त्यांनी ते इतक्यांदा ऐकवले होते, की त्यांनी तोंड उघडताच बाकीची मंडळीच वाक्य पुरे करून टाकत. "मागं बगितलं की हात हालतोय. हात हालला की गाडी हालती. गाडी हालली की नाडा तुटतोय. तवा पुढं बगा की! मागचं सगळं नाडा सांगतोय." हे सांगताना ते स्वतः मात्र समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघत. का बघत, ते अख्ख्या सोलापुरात मला एकट्याला ठाऊक होते आणि मी ते कुणाला सांगितले नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे शहाणपण शिकवायला लागलो तर ते कुणी मनावर घेऊ नये.

तेव्हा, म्हणजे १९३० च्या आगेमागे, मी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखाना मोटारस्टँडला लागून होता. खिडकीत बसून पुड्या बांधताना समोर एक पत्र्याची शेड दिसे, शेडपुढे अंगण, अंगणात लिंबाचे झाड आणि झाडाखाली बडीबी.

बडीबी ही दस्तगीरभाईंची मोटार. मूळची ती दक्षिणेकडच्या कुठल्याशा छोट्या संस्थानिकाची शिकारीची गाडी. अंगाने धिप्पाड, जमिनीपासून चांगली उंच, ओढ्यानाल्यांना न जुमानणारी. राजेसाहेब थकले, शिकार थांबली आणि गाडी गवताच्या गंजीशेजारी उभी राहिली. दस्तगीरभाई तिचे ड्रायव्हर होते. त्यांनी ती मागून घेतली, मागची बैठक कापून काढली, तिथे लोहाराकडून मनगटाएवढा आकडा ठोकून बसवला आणि सोलापुरात येऊन बंद पडलेल्या मोटारी ओढून आणायचे काम सुरू केले. कामाला तोटा नव्हता. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी तेव्हा नव्याने धावू लागल्या होत्या आणि धावण्यापेक्षा बसतच जास्त. मोहोळच्या अलीकडे, टेंभुर्णीच्या पलीकडे, अक्कलकोटच्या वाटेवर, कुठेही गाडी बसली की स्टँडवर निरोप येई आणि दस्तगीरभाई टोपी सारखी करून उठत. हाताखाली त्यांनी कुणाला ठेवले नव्हते. दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर त्यांचा विश्वासच नव्हता.

गाडी पाळणे म्हणजे काय, ते मी त्या अंगणात बघितले. आमच्याकडच्या विहिरींचे पाणी मचूळ. ते रेडिएटरात गेले की आत खपली धरते, म्हणून दस्तगीरभाई रोज सकाळी तळ्यापलीकडच्या एका गोड्या विहिरीवरून बडीबीसाठी दोन घागरी आणत आणि स्वतः दारातल्या आडाचे मचूळ पाणी पीत. मी एकदा त्यावर बोललो, तर म्हणाले, "माझं पोट धुऊन निगतंय हो. तिचं कुटं निगतंय?" भार ओढायचा म्हणून मागच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, त्यांनी दोन जादा पाटे घातले होते. दर शुक्रवारी नमाजाहून आले की गाडी ठोकळ्यांवर चढवून प्रत्येक पाट्याच्या फटीत बोटाने ग्रीस भरत. त्या जादा पाट्यांमुळे मागे भार नसला की बडीबी अशी उसळे, की शेजारी बसलेल्याची हाडे खिळखिळी होत. मी एकदाच बसलो. पुढचे दोन दिवस कंबर धरून औषधे खलत होतो आणि ते समोरून विचारत होते, "काय कंपाउंडरसाहेब, परत येताव का फिराया?"

नाडा म्हणजे विहिरीच्या मोटेला लावतात तसला जाड दोर. तो रात्री बाहेर राहता कामा नये, त्यावर कुणी पाय देता कामा नये, आणि दर महिन्याला त्याला तेल पाजलेच पाहिजे. नाड्याला एक टोक बडीबीचे, दुसरे बंद गाडीचे. तो सैल पडला की मागची गाडी उतारावर पुढे येतेय, ताठ झाला की ती अडतेय. हे सगळे त्यांना बसल्या जागी पाठीत कळे. ज्या गाडीचे ब्रेक गेलेले असत तिला मात्र नाडा चालत नसे, ती अंगावर येई. तिच्यासाठी एक लोखंडी दांडी होती. दांडीवर त्यांचे प्रेम नव्हते. "दांडी मुकी हाय," म्हणत.

शिवाय हॉर्नचा कायदा होता. मागच्या ड्रायव्हरने एकदा दाबला तर चला, दोनदा दाबला तर हळू आणि तीनदा दाबला तर आहे तिथे थांबा, मग काही का असेना. आणि ओढताना मागच्या गाडीत तिचा ड्रायव्हर सोडून दुसरे माणूस बसवायचे नाही. या नियमापायी एकदा मोठी गंमत झाली. मोहोळच्या रस्त्यावर एका वकीलसाहेबांची मोटार बसली. साहेब उतरायला तयार नव्हते. माझ्याच गाडीतून मी उतरू का, म्हणाले. दस्तगीरभाईंनी बाभळीखाली फडके पसरले, भाकरी सोडली, कांदा फोडला, सावकाश जेवले आणि टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. वकीलसाहेब उन्हात तासभर तापले, मग आपण होऊन उतरले आणि बडीबीच्या पुढच्या सीटवर येऊन बसले. सोलापूरला पोचेपर्यंत त्यांची सगळी वकिली हादरून गेली होती.

स्टँडवर त्यांची आणखी एक कीर्ती होती. बिघडलेले इंजिन सुरू करायला लावून ते एक लोखंडी सळई त्याला टेकवत, सळईचे दुसरे टोक दातांत धरत आणि डोळे मिटून उभे राहत. मग सळई काढून सांगत, "दुसऱ्या नळ्यात दुखणं हाय." सिलिंडर उघडून बघावे तर दुखणे तिथेच. लोक म्हणत, दस्तगीरभाई इंजिनाची नाडी दातांनी बघतात. मलाही त्याचे भारी कौतुक होते.

ते कौतुक ओसरले एका सकाळी. गिरणीचा भोंगा झाला की घड्याळ लावायचे आणि किल्ली द्यायची, हा त्यांचा रोजचा रिवाज. त्या दिवशी मी चहाच्या दुकानात त्यांच्या शेजारीच होतो. भोंगा झाला. असा झाला, की बशीतला चहा थरथरला. माणसे उठून कामाला लागली. दस्तगीरभाई मात्र घड्याळ तळहातावर घेऊन, अंगठा किल्लीवर ठेवून, तसेच बसून होते. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "आज उशीर हाय न्हवं भोंग्याला?"

 त्यांनी माझा चेहरा वाचला आणि घड्याळ खिशात टाकले.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी त्यांना डॉक्टरांपुढे बसवले. डॉक्टरांनी कान बघितले, कानाशी लोखंडी काटा वाजवून बघितला आणि मान हलवली. इंजिनाशेजारी पंचवीस वर्षे काढलेला माणूस, आतल्या नसा गेल्या होत्या. सळई दातांत का धरत, तेही मला तेव्हा कळले. डॉक्टरांनी ते आपल्या वहीत लिहिले आणि विसरून गेले, त्यांना असे शंभर पेशंट. बाहेर आल्यावर दस्तगीरभाईंनी माझे मनगट धरले. "साहेब, एक मागतो. कुणाला बोलू नका. भैऱ्याच्या मागं गाडी कोण बांदल?"

"अहो पण हॉर्न?"

"हॉर्न येतोय मला. बाकीचं न्हाई आलं तरी चालतंय. हॉर्न येतोय. आन् नाडा हायच की."

मी हो म्हणालो. माणूस माझ्या आवडीचा होता, आणि नाही म्हणण्याची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

आता जैनूबद्दल सांगायला हवे. जैनब, त्यांची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेलेली. त्यांनी तिला एकट्याने वाढवले, बडीबीच्या सावलीतच म्हणायचे. स्वैपाक करता करता ती खिडकीतून ओरडून बापाशी बोले आणि बाप स्पॅनर फिरवत उत्तरे देई. पुढे पुढे ती ओरडेनाशी झाली. हातातले भांडे खाली ठेवून ती अंगणात येई, त्यांच्या समोर उभी राही आणि सावकाश बोले. तिला कळले होते की नाही, ते तिने मला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. टेंभुर्णीला तिचे लग्न करून दिले, त्यानंतर कितीतरी दिवस दस्तगीरभाई दोन माणसांच्या भाकरी थापत होते आणि उरलेली आणून माझ्यापुढे ठेवत होते.

पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी येणार असे ठरले, तेव्हा त्यांनी शेडमधली खोली चुन्याने रंगवली. कापलेल्या बैठकीतून काढून ठेवलेल्या कातड्याची आणि काथ्याची त्यांनी पाळण्यासाठी गादी शिवली. "शिकारीचा बछडा निजनार हाय हिच्यावर," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी त्यांना इतके बोलके कधी बघितले नव्हते.

चैत्र होता. सकाळी दहाच्या सुमाराला स्टँडवर निरोप आला, की टेंभुर्णीहून येणारी सर्व्हिस मोटार मोहोळजवळ बसली. धोंड्यावर चढून खालचे तेलाचे भांडे फुटले होते आणि ब्रेकची सळई मोडली होती. ड्रायव्हर भीमा, स्टँडवरचा जुना माणूस. जैनू त्याच मोटारीत होती, सोबतीला तिची म्हातारी चुलतसासू. दस्तगीरभाई हसत हसत निघाले. "माझीच लेक आन् मलाच वर्दी," खिडकीतून मला म्हणाले.

पुढचे मी बघितलेले नाही. भीमाने सांगितले ते आणि म्हातारीने सांगितले ते, असे जोडून सांगतो.

बाकीच्या उतारूंनी मोहोळची वाट धरली. जैनूला कुठे बसवायचे, हा प्रश्न पडला. बडीबीवर बसवले असते तर त्या पाट्यांनी तिचे काय केले असते, ते मी अनुभवाने सांगू शकतो. अवघडलेल्या बाईसाठी ती गाडीच नव्हती. सर्व्हिसच्या मोटारीत मागे लांब बाक होता, त्यावर पथारी घालून आडवे होता येत होते. दस्तगीरभाईंनी जन्मात पहिल्यांदा आपला नियम मोडला. जैनूला बाकावर निजवले, तिच्या अंगावर स्वतःची शाल घातली आणि म्हणाले, "पाळण्यातनं नेतो तुला. पाणी हालनार न्हाई पोटातलं." मोटारीला ब्रेक नव्हते, म्हणून नाडा ठेवून दांडी लावली. आणि खरोखरच बैलगाडीच्या चालीने, एकही हिसका न देता, त्यांनी ती मोटार ओढायला घेतली. इतके हळू त्यांनी कुठलीच गाडी कधी ओढली नव्हती, असे भीमा म्हणतो.

सीना नदीचा उतार उतरून वर आल्यावर जैनूच्या पोटात दुखू लागले. मग म्हातारीने शाल उचलून बघितली आणि किंचाळली. रक्त जात होते.

भीमाने तीनदा हॉर्न दाबला. बडीबी थांबली नाही. पुन्हा तीनदा दाबला. दोघे मिळून ओरडले. पुढे धुळीचा लोट, लोटात दस्तगीरभाईंची ताठ पाठ. भीमाने चाक डावी-उजवीकडे हिसकून बघितले. मुक्या दांडीने ते पुढे पोचवले नाही, पोचवले असेल तर खड्डा म्हणून पोचवले. ब्रेक असता तर तोच दाबून धरला असता. चाक सोडून उडी मारावी, तर बिनब्रेकची गाडी आणि आत दोन बाया. वाटेत कडब्याची एक बैलगाडी समोरून आली. भीमाने गाडीवानाला हाक मारली, गाडीवानाने दोन्ही हात वर करून दस्तगीरभाईंना थांबायला खुणावले. त्या रस्त्यावर त्यांना सगळेच ओळखत आणि सगळेच हात करत. त्यांनीही हात वर करून सलाम केला आणि पुढे गेले.

जकात नाक्यावर गाडी थांबवावीच लागते, तिथे ती थांबली. तिथून बडीबी दांडी सोडून दवाखान्यापर्यंत कशी आली, ते मी बघितले. जैनू पुढच्या सीटवर होती, म्हातारीने तिला कवटाळले होते आणि प्रत्येक खड्ड्यात ती गाडी उसळत होती.

डॉक्टरांनी हात धुतले तेव्हा दिवेलागण झाली होती. पडवीत दस्तगीरभाई भिंतीला टेकून, स्वतःच्या हातांकडे बघत उभे होते. डॉक्टर त्यांच्याजवळ गेले आणि डॉक्टर लोक सांगतात तशा खालच्या आवाजात म्हणाले, "तासभर आधी आली असती तर बघता आलं असतं. दोघंही गेली." आणि आत निघून गेले.

दस्तगीरभाईंनी मान वर केली नाही. मी जवळ गेलो, तेच पुन्हा हळू सांगितले. ते हातांकडेच बघत होते. "आं?" म्हणाले. "काय म्हनले डाक्टर? कवा नेऊ घरी तिला?"

तेव्हा मी ओरडलो. पडवी पेशंटांनी भरली होती आणि मी ओरडलो, "जैनू गेली, दस्तगीरभाई! बाळही गेलं!" अशी बातमी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायची असते. मला ती नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी सांगावी लागली. लोकांना वाटले, धक्क्याने त्यांना ऐकू गेले नाही. मी तसेच वाटू दिले.

चार दिवसांनी ते स्टँडवर आले आणि सगळ्यांसमोर भीमाला म्हणाले, "तू हॉर्न वाजवला न्हाईस."

"वाजवला भाई. आईची आन."

"वाजवला असता तर मी थांबलो असतो. तीनदा हॉर्न झाल्यावर मी थांबलो न्हाई, आसं कदी झालंय का रं? विचार की हितं कुणाला बी."

तसे कधीच झाले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. जो माणूस इंजिनाचे दुखणे दातांनी ओळखतो त्याला हॉर्न ऐकू आला नसेल, हे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. भीमाला झोप लागली असेल, तो घाबरून गेला असेल, असे लोक बोलू लागले. म्हातारीला कुणी विचारले नाही, ती टेंभुर्णीला परत गेली होती. मालकाने भीमाला गाडीवरून उतरवले. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर बायका बोलेनाशा झाल्या.

आणि मला? मला जैनू गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळे कळले होते. भीमा दवाखान्यात हात दाखवायला आला होता. उजव्या तळव्यावर, जिथे हॉर्नचा रबरी फुगा बसतो तिथे, टरटरून फोड आले होते आणि दोन फुटले होते. मीच मलम लावले, मीच पट्टी बांधली. "साहेब, लई दाबला हो," एवढेच तो म्हणाला. मी ऐकून घेतले आणि गप्प बसलो. लेक गमावलेल्या बापाला जाऊन काय सांगू, की ती तुमच्या पाठीमागे हाका मारत होती? असे मी स्वतःला समजावत होतो. तिकडे भीमाची चूल थंड पडत होती, तीही मला दिसत होती.

पट्टी दस्तगीरभाईंच्याही नजरेला पडली. एका संध्याकाळी ते खिडकीशी आले आणि विचारले, "भीमाच्या हाताला काय झालंय?"

मी पुडीला दोरा गुंडाळत राहिलो. ते माझ्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले नाहीत. बराच वेळ बघून ते समोर निघून गेले.

त्यांचे पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो. ते भीमाच्या घरी गेले, चार शेजारी बोलावले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मी भैरा हाय. ह्यानं वाजवला हुता." बडीबी त्यांनी भीमाच्या दारात उभी करून दिली, नाड्यासकट. भीमाने तिला पुढे मागचे बघायचा आरसा बसवला. दस्तगीरभाई अक्कलकोटच्या पलीकडे बहिणीकडे गेले आणि मला पुन्हा दिसले नाहीत.

पण माझ्या डोळ्यांपुढे ते अजून बसलेले असतात, ते त्याआधीच्या एका दुपारचे, खिडकीशी आले त्याच्या दुसऱ्या दिवशीचे. भर उन्हात त्यांनी मला अंगणात बोलावले. सर्व्हिसची ती मोटार दुरुस्त व्हायची होती, शेडपुढेच उभी होती. बडीबी त्यांनी तिच्या पुढे आणून लावली होती, दांडी जोडली होती आणि इंजिन सुरू केले होते.

"बसा मागं," ते म्हणाले. "भीमा बसला हुता तितं. मी मागं बगनार न्हाई. तुमी तीनदा दाबा."

"दस्तगीरभाई, कशाला..."

"बसा."

मी भीमाच्या जागेवर बसलो. मागचा लांब बाक कुणीतरी धुऊन काढला होता. ते बडीबीवर चढले, टोपी सारखी केली, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि पुढे बघत ताठ बसले. मी फुगा धरला आणि तीनदा दाबला.

लिंबावरचे कावळे उडाले. रस्त्यावरच्या टांग्याचा घोडा बुजला. समोरच्या घरातली बाई दार उघडून बाहेर बघू लागली.

दस्तगीरभाई तसेच बसून होते. जरा वेळाने, पुढेच बघत, म्हणाले, "दाबा की, कंपाउंडरसाहेब."

मी पुन्हा तीनदा दाबला. मग मोजले नाही, दाबतच राहिलो. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर येऊन उभे राहिले. मला रडू आवरेना, आणि हाताला थांबावेसे वाटेना.

"दाबा की," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "घाबरू नका. मी तयार हाय."

मग ते वळले. ओढताना जन्मात कधी मागे न बघितलेला तो माणूस सीटवर सबंध मागे वळला आणि माझ्या हाताकडे बघू लागला. फुगा माझ्या मुठीत फुगत होता आणि चपटा होत होता, फुगत होता आणि चपटा होत होता. त्यांनी ते किती वेळ बघितले ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी हात लांबवून बडीबीचे इंजिन बंद केले.